चाळीस ताटं

"आज किती ताटं?" गुळाचा खडा दाताखाली धरून कोऱ्या चहाचा घोट घेत अरियपालनं विचारलं.

"चाळीस. भात उपसून हात भरून आलेत," मलकांती म्हणाली आणि विणायला बसली. लाल लोकरीचा स्वेटर, लेकीच्या, संदुनीच्या मापाचा.

"या उकाड्यात स्वेटर? गाव हसेल."

"हसू दे. ऑपरेशनच्या खोलीत गारठा असतो म्हणतात."

विहिरीपर्यंत चालली तरी संदुनीचे ओठ निळे पडत. तिच्या हृदयाला भोक होतं, आणि ते बुजवणारा डॉक्टर अख्ख्या लंकेत त्यांच्या आवाक्यातला नव्हता.

मलकांती बंदरावरच्या चिनी पाहुणेघरात स्वयंपाक करी. त्यांचं संशोधनाचं म्हणवणारं जहाज लागलं की त्यावरची माणसं तिथंच जेवत. ती किती, हे भारताला हवं होतं. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवरच्या अरियपालला त्या जहाजावर पाय ठेवता येत नव्हता. बायकोला विचारता येत होतं.

सुक्या मासळीचे भारतीय व्यापारी म्हणवणारे नंबियार आकडा ऐकून विचारात पडले.

"चाळीस? एवढी माणसं समुद्राचं पाणी मोजायला?"

"पाणीही पुष्कळ आहे, साहेब."

नंबियार हसले नाहीत. "तुमच्या मुलीच्या ऑपरेशनचं चेन्नईत बघतोय मी. आकडे येऊ द्या."

एका देशानं बंदर बांधलं, दुसरा त्यावर डोळा ठेवून बसला. अरियपालला दोघांचाही सारखाच वीट आला होता. त्याहून जास्त वीट स्वतःचा. बायकोच्या हातचा चहा पीत तो तिचीच नोकरी पणाला लावत होता.

जहाज निघून गेलं, त्या दुपारी नंबियारांनी चेन्नईचं पक्कं झाल्याचं सांगितलं. अरियपाल घरी आला तेव्हा खाटेवर पिशवी भरलेली होती. वर लाल स्वेटर.

"तो काढून ठेव. चेन्नईत घाम फुटतो," तो म्हणाला. मग खाली बघत, "रागावू नकोस. तू सांगायचीस ते आकडे मी..."

"नंबियारांना द्यायचात." तिनं स्वेटरची बाही सरळ केली. "ताटं दहा-बाराच असायची. नवऱ्याला चाळीस सांग, ऑपरेशन आम्ही करवतो, म्हणाले चिनी साहेब. उद्याचं विमान आहे, संदुनीचे बाबा. बीजिंगला बर्फ पडतोय."