आप्पांची जागा

कुस्ती रंगात आली आणि आप्पांचा ड्रोन दोरी ओलांडून थेट इंद्रजितच्या डोक्यावर आला. पंचांनी शिट्टी फुंकली. हलगी थांबली.

"मैदान सुटेपर्यंत पैलवानाच्या डोक्यावर ड्रोन चालत नाही. पुन्हा आला तर कुस्ती गेली समजायची!"

इंद्रजितनं वर पाहिलं. त्याचे वडील, आप्पा, दवाखान्यातल्या खाटेवर होते. हल्ली निम्मं मैदान असंच भरायचं. माणूस घरी आणि त्याचे डोळे, कान ड्रोनमध्ये.

"आप्पा, लुडबूड नको. जागेवर जाऊन बसा. ही कुस्ती मी मारतो."

ड्रोन मुकाट्यानं दोरीबाहेर उतरला.

"सरका रं, आप्पांना बसू द्या," म्हणत पहिल्या रांगेनं त्याला जागा करून दिली.

हलगी कडाडली. इंद्रजितनं धोबीपछाड मारून गडी चितपट केला. हात वर करून घ्यायलाही तो थांबला नाही. दोरीबाहेर येऊन ड्रोनपुढं गुडघे टेकून वाकला.

ड्रोन उठला आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर येऊन थांबला. पात्यांचा वारा मातीनं माखलेल्या केसांतून फिरला.

पंचांनी शिट्टी ओठांपर्यंत नेली, आणि तशीच खिशात टाकली.