सवडीचा रकाना

"मावशी, असा तक्ता असूच शकत नाही," प्रशिक्षक बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद परत तिच्यापुढे ठेवला.

वर्गात बारा जण होते. सगळे एकाच औषध कारखान्यातले, आणि मावशी सगळ्यांत मोठी. एकोणीस वर्षं ती टाकीवर होती. स्टीलच्या त्या टाकीत जिवंत पेशी वाढायच्या, त्यांच्यापासून औषध बनायचं, आणि रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्यांना खाद्य देणं हे मावशीचं काम. पेशींना रविवार कळत नाही, असं म्हणत ती रविवारीही हजर व्हायची. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिचे दोनच खाडे झाले होते. आता खाद्य द्यायला यंत्र आलं होतं. ते तेवढेही खाडे करत नव्हतं. साहेबांनी सांगितलं, सहा आठवडे नियोजन शिका. पास झालात तर नियोजन खात्यात खुर्ची, नाहीतर पॅकिंगला. पॅकिंगला आठ तास उभं राहायचं, आणि मावशीची कंबर तर आधीच कुरकुरत होती.

शेवटच्या परीक्षेला बाईंनी साधंच काम दिलं होतं. स्वतःच्या घरातल्या एका दिवसाचा तक्ता करा. प्रत्येक काम लिहा, ते उशिरा झालं तर कोणाचं अडेल ते लिहा, आणि किती उशीर चालेल ते सवडीच्या रकान्यात लिहा. कारखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं. गोठवलेल्या पेशी एक दिवस उशिरा बाहेर काढल्या की टाकी अडते, टाकी अडली की गाळणी अडते, गाळणी अडली की बाटल्या भरणारे हातावर हात ठेवून बसतात. घरचं लिहिणंही कोणाला जड गेलं नाही. इलेक्ट्रिशियनने लिहिलं होतं, चहा करणे, अडतं बायकोचं, सवड दोन मिनिटं. वर्ग खो खो हसला होता.

मावशीच्या तक्त्यात नऊ कामं होती. उठणे, झाडांना पाणी, चहा, असं झोपेपर्यंत. अक्षर नेहमीसारखं सुबक. आणि 'कोणाचं अडेल' या रकान्यात, एकाखाली एक, नऊ वेळा लिहिलं होतं: कोणाचंही नाही. सवड: कितीही.

"कुठेतरी कोणीतरी खोळंबलेलं असतंच," बाई म्हणाल्या. "ते आपल्याला दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं. तुम्ही कोणाला विचारलंत?"

"विचारायला आहे कोण?" मावशी म्हणाली. ती हसून बोलली होती, पण वर्गात कोणी हसलं नाही. उद्या दहापर्यंत दुरुस्त करून आणा, एवढंच बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मावशीने तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरला आणि पेन्सिल घेऊन बसली. परदेशातल्या मुलाचं नाव लिहिलं आणि खोडलं. त्याचा फोन महिन्यातून एकदा यायचा, त्यात तिचं कोणतंच काम अडकलेलं नव्हतं. खोटं नाव घालून पास होता आलं असतं. पण एकोणीस वर्षांत तिने नोंदवहीत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि आता या वयात सुरुवात करायची तिची इच्छा नव्हती. तिला फार एकटं वाटलं. तिने दिवा घालवला.

सकाळी साडेपाचला सवयीने जाग आली. उठून काय करायचं, असं तिच्या मनात आलं. तक्ता तिनेच केला होता; सवड कितीही. तिने कूस बदलली आणि भिंतीकडे बघत पडून राहिली. सहा वाजले. साडेसहा वाजले. कोणाचंही काही अडलं नाही.

सात वाजायच्या आत दार वाजलं.

दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा होते. एका हाताने कठडा धरलेला, धाप लागलेली. मावशीच्या कपाळाला आठी पडली. तीन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ भांडायला वर आले होते. कंबरेमुळे तिला भरलेली बादली उचलवत नसे. रोज सहाला ती न्हाणीघरातून गॅलरीतल्या झाडांपर्यंत ओढत न्यायची. आमच्या डोक्यावरून गाडं चालवता, असं ते म्हणाले होते. चालवणारच, असं ती म्हणाली होती. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं तोंड फिरवत.

"आज तर बादली ओढलेली नाही," मावशी म्हणाली.

"म्हणूनच आलो." ते चौकटीला टेकले. "हिला सहाची गोळी असते. गजर लावला की ही दचकते, मग दिवसभर कापत राहते. म्हणून तुमची बादली वाजली की मी गोळी देतो. आज वाजलीच नाही. शेवटी घड्याळ बघून गोळी दिली हो, पण जीव थाऱ्यावर राहिना. म्हटलं, वरच्या बाईंना काही झालं तर नाही ना?"

मावशीने दार पूर्ण उघडलं. तिने आधी त्यांना खुर्ची दिली, मग पाणी दिलं.

दहाला पाच मिनिटं कमी असताना तिने तक्ता बाईंच्या टेबलावर ठेवला. आठ ओळी कालच्याच होत्या. झाडांना पाणी, ही एक ओळ बदलली होती. वेळ सहा. अडतं: खालच्या आजी-आजोबांचं. सवड: शून्य.

बाईंनी तो दोनदा वाचला. "बघा, विचारल्यावर सापडलं ना?"

"मी कुठे विचारलं?" मावशी म्हणाली. "मला विचारायला ते वर आले."