कडेचा उजेड

“कडेच्या विटा दिसतच नाहीत रे. स्क्रीन काठाला काळी आहे,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा हरले.

“हरायला लागलं की तुम्हाला लगेच अंधार होतो,” शशांक हसला. विटा फोडायचा तो हातातला गेम त्याने निवृत्त वडिलांसाठी स्वतः जुळवला होता. बटणं जुन्या रिमोटची, छोटी स्क्रीन भंगारातल्या गाडीची आणि डबा आईच्या सुईदोऱ्यांचा, तिला न विचारता घेतलेला. त्याने डबा उघडला, स्क्रीनमागच्या दिव्यांचा रेझिस्टर बदलला आणि उजेड वाढवला.

दिवाळीत पुन्हा तीच तक्रार. मग त्याने दोन्ही काठांना एलईडीच्या पट्ट्या जोडल्या. स्क्रीन अशी झळकली, की आईने तिच्या उजेडात लसूण सोलून दाखवला. कडेच्या विटा मात्र अण्णांच्या हातून सुटतच राहिल्या.

संक्रांतीला अण्णा तिळगूळ घेऊन येताना दाराच्या चौकटीवर आदळले, तेव्हा कुठे शशांकने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

“काचबिंदू आहे. यात नजर कडेकडून जाते. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इतके दिवस काहीच जाणवलं नाही?”

“जाणवायचं हो,” अण्णा म्हणाले. “ पण मुलगा लगेच दुरुस्त करून द्यायचा.”

परतताना रिक्षात अण्णांनी शशांकच्या गुडघ्यावर थोपटलं.

“आता त्या कडेच्या पट्ट्या काढून टाक. उगाच बॅटरी खातात.”