दुरुस्त झालेली पिढी

डॉक्टर सुमेधा खरातांनी आधी बाळाला तपासलं. नऊ महिन्यांची इरा स्टेथोस्कोपची नळी ओढत खिदळत होती. मग तोच स्टेथोस्कोप त्यांनी तिच्या आईच्या, ओवीच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

ओवी पोटात असतानाच तिच्या हृदयाचं सदोष जनुक दुरुस्त केलं होतं. अशी दुरुस्त झालेली ती पहिली पिढी. या मुलांना मोठेपणीही डॉक्टर बदलावा लागू नये म्हणून लहानांना आणि मोठ्यांना, दोघांनाही तपासणारे डॉक्टर मुद्दाम तयार केले होते. सुमेधा त्यांतल्याच एक. ओवी तान्ही असल्यापासून त्या तिला पाहत आल्या होत्या.

"दम कधीपासून लागतोय?"

"दिवाळीपासून. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल ना, मावशी?"

"नाही गं. दुरुस्ती विरत चाललीय. तुझ्या वयाच्या सगळ्यांचीच. आणि शरीर ती दुसऱ्यांदा स्वीकारत नाही."

ओवी रडली नाही. तिने इराला उचलून पोटाशी धरलं.

"हिचीही तीच दुरुस्ती केलीय ना?"

"तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं, ओवी."

ओवीने इराचं झबलं खांद्यावरून खाली सरकवलं.

"आज गोवराची लस राहिलीय तिची. देऊन टाका."

सुमेधांनी सुई टोचली. इराने भोकाड पसरलं. तिचा दम जराही कमी पडत नव्हता. तिला गप्प करायची घाई दोघींपैकी कुणीच केली नाही.