खिंडीतलं माणूस

टॉवर काढून टाकल्यापासून मोबाइलच्या लहरी माणसांतूनच पुढे जात. प्रत्येकाच्या खांद्यात बसवलेली चकती त्या झेलायची आणि पुढच्या माणसाकडे सोडायची. दापूरपाडा आणि तालुक्याच्या मधल्या खिंडीत मात्र एकट्या यमुनाबाई भोये राहत. त्या शेळ्यांमागे उतारावर गेल्या, की पाड्यातले सगळे फोन बंद पडत.

त्या दिवशी त्या पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा सरपंच हिरामण धावतच आले.

"मावशी, तुम्ही गेलात तर नेट जाईल. पोरांची परीक्षा चालू आहे. उद्या जा की."

"लेकीला कळा सुरू झाल्यात. बाळ उद्यापर्यंत थांबणार आहे का? तुमच्या नेटपायी तिच्या लग्नानंतर एकदाही तिच्याकडे राहिले नाही मी. खांदा तुम्हालाही आहे. बसा इथं."

यमुनाबाई जीपमध्ये बसून गेल्या. हिरामण नाइलाजाने ओट्यावर टेकले.

संध्याकाळी यमुनाबाईंचा फोन आला. नात झाली होती.

"बरं झालं," हिरामण वैतागून म्हणाले, "पण परत कधी येताय? मी जरा उठलो तरी लोक खालून ओरडतात."

"बारसं झाल्यावर," यमुनाबाई म्हणाल्या. "तुम्हालाही बोलावलं असतं, पण तुम्हाला कुठं हलता येणार."