शेजारचं बेणं

पलूसच्या मळ्यात शेजारच्या जयराजच्या उसाला एकतीस कांड्या होत्या. बांधाच्या अलीकडे, शिवतेजच्या उसाला अठरा. लागवड मात्र एकाच आठवड्यातली.

“तेंनी लावायचं बेणं कुठनं तरी चोरून आणलंय,” शिवतेजचे वडील दरवर्षी म्हणायचे, आणि शिवतेजच्याही पोटात दुखायचं. सांगलीला बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. करताना त्यानं प्रकल्पच हा घेतला: दोन्ही उसांचा डीएनए संगणकावर ताडून, जात एकच की वेगळी ते पाहायचं.

“नुसती पानं कशाला नेतोस गड्या, ऊस ने की खायाला!” जयराज हसला. ते हसणंही शिवतेजला खुपलं.

महिन्याभरानं वडिलांचा फोन आला. “घावलं का रं तेंचं बेणं?”

निकाल शिवतेजच्या समोरच होता.



दोन्ही उसांच्या डीएनएमधलं साम्य: ९९.९८ टक्के.