अर्धं अजाइल

नागपूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आल्यावर लोकेशने गोंदियातल्या आपल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात अजाइल नावाची कामाची पद्धत सुरू केली. रोज सकाळी उभ्याने मीटिंग, ज्याचं काम चालू होतं त्या राईस मिलवाल्याला दर पंधरा दिवसांनी तयार झालेलं काम दाखवायचं, सगळं लावलं. फक्त दर पंधरवड्याच्या शेवटी एकत्र बसून काय चुकलं ते बोलायचं असतं, तेवढं त्याने वगळलं. काम मात्र लांबतच राहिलं.

“हे आपल्याकडे नाही चालत,” तो वैतागून म्हणाला.

“चालन कसं, सर? आपण अर्धंच करून राहिलो ना,” टीममधली अलका म्हणाली.

मग शुक्रवारी तीही मीटिंग ठेवली. टीममधले चौघंही खाली माना घालून बसले.

“बोला ना, काऊन चूप आहा सारे?” लोकेश म्हणाला.

“सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?” अलकाने विचारलं.

लोकेश गॅलरीत जाऊन उभा राहिला, आणि आत एकदम कल्ला सुरू झाला. बोलावल्यावर तो आला, तर टेबलावर चार चिठ्ठ्या होत्या. अक्षरं वेगळी, वाक्य एकच : ‘सर चालू काम मध्येच बदलवतात.’

त्याला ते लागलं, पण नाकारता येईना. “बरं. ठरलेले पंधरा दिवस मी काहीच बदलवणार नाही.”

सगळ्यांचे चेहरे खुलले.

“फक्त पंधराचे दहा दिवस करू. आजपासूनच,” लोकेश लगेच म्हणाला.

अलकाने एक कोरी चिठ्ठी आणि पेन त्याच्यापुढे सरकवला.

लोकेशने एकेकाकडे पाहिलं, मग त्यालाच हसू फुटलं आणि त्याने त्याच वाक्याची पाचवी चिठ्ठी लिहायला घेतली.